वरच्या घराची रेंज

रविवारी सकाळी सव्वानऊला लिफ्टवाला जावई सासुरवाडीच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात हत्यारांची पेटी होती. खरं तर पेटीचं काहीच काम नव्हतं. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मोबाइलवरून नंबर लावायचा होता, आणि त्यात कुठेही स्क्रू पिळायचा नव्हता. पण गेली बावीस वर्षं या घरात त्याची जी काही पत होती, ती त्या पेटीत होती.

"आले बाई जावईबापू!" सासूबाई आतून म्हणाल्या. "पेटी आणलीत ना?"

"आणली."

"मग झालं."

काहीच झालेलं नव्हतं, आणि ते एकट्या जावयालाच ठाऊक होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टला बटणं असतात, त्यावरून बटण असलेलं जगातलं सगळं काही त्याला कळतं असं या घराने लग्नाच्या आधीच ठरवून टाकलं होतं. रेडिओ, रिमोट, मिक्सर, एकदा तर शेजारच्या आजोबांचं कानातलं यंत्र, सगळं त्याच्यापुढे येऊन पडायचं. तो पेटी उघडायचा, वस्तूचं झाकण काढायचा, आत फुंकर मारायचा, गंभीर चेहऱ्याने झाकण लावायचा आणि म्हणायचा, "आज राहू द्या, उद्या लावून बघा." दुसऱ्या दिवशी वस्तू चालू. कशी चालू झाली, हे त्याचं त्यालाही कधी उमगलं नव्हतं. हातगुण म्हणतात तो हाच असेल, असं त्याने स्वतःला समजावलं होतं.

आजची गोष्ट मात्र फुंकरीने भागणारी नव्हती. सासऱ्यांना सगळा गाव घड्याळजी म्हणायचा. पन्नास वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी गावाची घड्याळं चालती ठेवली होती. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. गेल्या महिन्यात त्यांनी हेडमास्तरांच्या घड्याळाचे काटे उलटे बसवले, तासाच्या जागी मिनिटाचा. वर हेडमास्तरांनाच सुनावलं की तुम्हाला घड्याळ वाचता येत नाही. शाळा दोन दिवस भलत्याच वेळी सुटली. तेव्हापासून दुकानाला कुलूप होतं, आणि घड्याळजी घरात बसून एकच चिमटा दिवसभर पुसत होते.

जिल्ह्याच्या दवाखान्यात पूर्वी खिडकी होती. पहाटे जाऊन रांगेत उभं राहिलं की नंबर लागायचा. आता खिडकीवर पाटी होती: नोंदणी फक्त ॲपवर. तीन महिन्यांतून एकदा, रविवारी सकाळी दहाला, चाळीस जागा. मागच्या खेपेला त्यांनी खालच्या याच घरातून प्रयत्न केला होता. मोबाइलवर एक गोल फिरत राहिला, पन्नास मिनिटं फिरला, आणि थांबला तेव्हा खाली लिहिलं होतं, 'सर्व जागा भरल्या आहेत. धन्यवाद.'

"धन्यवाद कसले?" घड्याळजी तेव्हा म्हणाले होते. "मी काय दिलं त्यांना?"

एवढ्यात भिंतीजवळचा जुना फोन खणखणला. परदेशातली थोरली लेक होती. सासूबाईंनी रिसीव्हर जावयाच्या कानाला लावला.

"जावईबापू, मी इथूनच करून टाकणार होते हो," थोरली म्हणाली. "इथे सगळं अर्ध्या सेकंदात उघडतं. आमचा फ्रीज तर दूध संपलं की आपणहून दूध मागवतो."

"मग?"

"मग ते ॲप म्हणालं, ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही."

जावयाने ते सगळ्यांना मोठ्याने सांगितलं. घड्याळजींनी चिमटा उजेडात धरला, त्यांना तो बहुधा दिसला नाही, तरी त्याच्याकडे बघत ते म्हणाले, "म्हणजे नेट आहे तिथे दवाखाना नाही, आणि दवाखाना आहे तिथे नेट नाही. छान. कोणीतरी डोकं लावून केलंय हे."

जावयाची बायको, म्हणजे घरातली धाकटी, शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि कुठलीही गोष्ट शिट्टी मारल्यासारखी बोलायची. "बाबा, वेळ नाही. आत्याकडे जावं लागेल."

घड्याळजींचा चिमटा पुसणारा हात थांबला.

आत्या म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. वरच्या गल्लीत, एकशेबारा पायऱ्यांवर राहायची. नऊ वर्षांपूर्वी एका मोबाइल कंपनीने तिच्या छपरावर टॉवर उभारला, आणि त्याच सुमारास घड्याळजींच्या दुकानातली घड्याळं मागे पडायला लागली. टॉवरच्या लहरींनी पडतात, असं त्यांनी ठरवलं. चौसष्ट सह्या गोळा करून अर्ज केला. कंपनीचा माणूस आला, त्याने तक्रार वाचली आणि आनंदाने मान डोलावली. खालच्या गल्लीत मोबाइलच मोजके, तिकडे लहरी पाठवून कंपनीचं काही भलं होणार नव्हतं. टॉवरवरची, खालच्या बाजूला तोंड असलेली अँटेनाची पट्टी त्याने त्याच दिवशी काढून नेली. पुढे वरच्या गल्लीत लोक घरबसल्या जगाशी बोलत होते, आणि खालच्या गल्लीत एका ओळीचा निरोप यायला बादलीभर पाणी तापायला लागतो तेवढा वेळ लागत होता. घड्याळं मात्र मागे पडायची ती पडतच राहिली. पण बहीण-भावाचं बोलणं तुटलं ते काही टॉवरमुळे नाही. अर्जात घड्याळजींनी सख्ख्या बहिणीचा उल्लेख 'सदर बाई' असा केला होता.

"आंधळा होईन," घड्याळजी म्हणाले, "पण त्या घरात पाऊल ठेवणार नाही."

"आंधळे झालात की पाऊल कुठे पडतंय ते दिसणारही नाही," सासूबाई म्हणाल्या. "उठा. चपला घाला. उजवी उजव्या पायात."

पायऱ्या चढताना घड्याळजींचा हात जावयाच्या खांद्यावर होता. दर वीस पायऱ्यांवर ते थांबून विचारायचे, "नक्की येतं ना तुम्हाला ते ॲप?" आणि जावई दर वेळी म्हणायचा, "बाबा, त्यात काय आहे?" त्यात काय आहे, हाच तर प्रश्न होता. त्याला स्वतःच्या मोबाइलवर फोन घेता यायचा आणि हवामान बघता यायचं. हवामानही तो बोट लावून बघायचा तेव्हा कधीकधी भलत्याच शहराचं निघायचं.

आत्याचं दार उघडंच होतं. सासूबाईंनी उंबऱ्यात पाय ठेवला मात्र, त्यांच्या पिशवीतून आवाज यायला लागला. टिंग. टिंग. टिंग टिंग टिंग. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सासूबाई पिशवी पोटाशी दाबून धरत होत्या, तरी पिशवी वाजतच होती.

"आई," धाकटी म्हणाली, "तुझा मोबाइल इथल्या वायफायला आपोआप जोडला गेला?"

"कोण जाणे बाई. मला काय कळतं त्यातलं?"

"एकदा पासवर्ड टाकल्याशिवाय जोडला जात नाही तो."

घड्याळजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू दर गुरुवारी वाचनालयात जातेस ना?"

"जातेच."

"कुठलं पुस्तक चाललंय?"

सासूबाईंनी पिशवी आणखी घट्ट दाबली. आतून आत्याचा आवाज आला. "वहिनी, आज गुरुवार नाही, तरी आलीस?"

आत्या बाहेर आली. बुटकी, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, कानाशी पेन खोचलेलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं नोकरी करून ती निवृत्त झाली होती, आणि अजूनही समोरच्या माणसाकडे अशी बघायची की आता ती त्याला तीन मिनिटं देणार आहे, वर एक सेकंद नाही.

"वन्सं, ऑपरेशनचा नंबर लावायचाय," सासूबाई घाईने म्हणाल्या. "दहा वाजत आलेत."

"सदर बाईंच्या घरातून?" आत्याने विचारलं.

"त्यांना सांगा," घड्याळजी भिंतीकडे बघत म्हणाले, "की जावईबापू करणार आहेत. आम्हाला फक्त जागा हवी आहे उभं राहायला."

"त्यांना सांगा," आत्या जावयाला म्हणाली, "की जागा आहे. खुर्चीही आहे. बसले तर खुर्ची काही बोलणार नाही."

जावयाने मोबाइल काढला. जवळच्या वायफायच्या यादीत सगळ्यात वर नाव होतं: सदर बाई. "आत्याबाई, पासवर्ड?"

"त्यांनाच विचारा. त्यांनीच दिलेला आहे. अर्जातल्या तिसऱ्या ओळीतला पहिला शब्द."

घड्याळजींचे कान लाल झाले. ते पुटपुटले, "स्वार्थापोटी."

"इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून," आत्या म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली.

दहा वाजले. ॲप उघडलं, अगदी अर्ध्या सेकंदात, आणि क्षणभर जावयाला वाटलं की देव आपल्या बाजूला आहे. 'शिल्लक जागा: ४०.' त्याने घड्याळजींच्या कार्डावरचा आकडा टाकला. ॲप म्हणालं, 'आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.'

"बाबा, तुमचा मोबाइल द्या."

"तो घरी आहे. उशीखाली."

"घरी?"

"मी त्यावर गजर लावतो. वर कशाला आणू? इथे कोण झोपणार आहे?"

धाकटीने पुढचं ऐकलंच नाही. ती धावत सुटली. जावई मोबाइलकडे बघत राहिला. ३९. ३६. ३५. मधेच सासूबाईंच्या पिशवीतल्या मोबाइलवर थोरलीचा चेहरा उगवला, आणि त्या चेहऱ्याने "काय झालं, काय झालं" असं दोनदा विचारलं.

ओटीपी घड्याळजींच्या मोबाइलवर यायचा होता, पण खालच्या घरात कसा येणार? तो आला धाकटी पायऱ्या चढून ऐंशीव्या पायरीशी पोचली तेव्हा. दम लागला होता, वेळ नव्हता, म्हणून ती तिथूनच ओरडली, "सत्तेचाळीस! एकोणऐंशी! त्रेसष्ट!"

जावयाने चार सात दाबले. मग बोट हवेत थांबलं. एकोणऐंशी म्हणजे सात नऊ की आठ नऊ? ऐंशी आलंय म्हणजे आठ असणार. त्याने आठ नऊ दाबले, मग सहा तीन.

'ओटीपी चुकीचा आहे.'

"अहो, एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी!" सासूबाई ओरडल्या.

"मग ऐंशी कशाला म्हणायचं त्याला?"

"ते मराठीला विचारा, मला नको!"

पुन्हा दाबलं, बरोबर बसलं. २९. आणि मग पडद्यावर नऊ चौकोन आले. वर लिहिलं होतं, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. ज्या चित्रांत आग विझवण्याचा नळ आहे ती निवडा.'

सगळे मोबाइलवर वाकले. धाकटी धापा टाकत येऊन तीही वाकली. घड्याळजी दिसत नसूनही वाकले.

"हा कसला नळ?" सासूबाई म्हणाल्या. "तोटी कुठे आहे?"

"हा लाल बुटका आहे ना, तो."

"तो नळ आहे? मला वाटलं कोणीतरी टोपी घालून बसलंय."

"हे माझ्या घरासमोर आहे!" पिशवीतून थोरली ओरडली. "अगं, आमच्या फुटपाथवर आहे तो! दाखव, दाखव, मी सांग..." आणि तिचा चेहरा तोंड उघडं असतानाच गोठला.

जावयाने अंदाजाने तीन चौकोन दाबले. 'खात्री पटली नाही. पुन्हा प्रयत्न करा.' आता पिवळ्या शाळेच्या बस आल्या. गावात शाळेची बसच नव्हती. त्याने एक बस आणि एक पिवळी भिंत दाबली. 'खात्री पटली नाही.' मग चिमण्या आल्या, पण धूर सोडणाऱ्या. सासूबाईंनी त्यात पक्षी शोधला.

"म्हणजे मी माणूस आहे की नाही," घड्याळजी म्हणाले, "हे त्यांच्या गल्लीतले नळ ओळखता येतात का यावर ठरणार? इथे येऊन त्यांनी आमचा हातपंप ओळखून दाखवावा!"

१९. १७. कपाळावरचा घाम जावयाने पुसला. पडद्यावर आता नुसतीच इंग्रजी ओळ होती आणि खाली दोन बटणं, दोन्ही निळी. सगळे त्याच्याकडे बघत होते. धाकटीने हळूच त्याच्या पाठीला हात लावला, आणि त्या हाताने का कोण जाणे त्याचा सगळा धीर संपला.

"मला येत नाही हे," तो म्हणाला.

"थोडा वेळ घ्या," सासूबाई म्हणाल्या. "पेटी उघडू का?"

"आई, पेटीत काही नाही हो! मला ॲप येत नाही. मला रेडिओ येत नाही. मिक्सर येत नाही. मला फक्त लिफ्ट येते, तीही दोन कंपन्यांची. मी बावीस वर्षं नुसती फुंकर मारतोय."

घड्याळजी भिंतीकडे तोंड करून शांतपणे म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुम्ही गेलात की मी उघडून बघायचो. पहिल्या वर्षी तुम्ही रेडिओच्या आत फुंकर मारलीत आणि एक तार तोडून ठेवलीत. मी ती जोडली. मग म्हटलं, नवीन जावई आहे, गावात नाव झालंय, कशाला बोलायचं? पुढे सवयच लागली. मिक्सर मला आवडायचे, त्यात चाकं मोठी असतात."

जावयाने बायकोकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"मला कानाच्या यंत्रापासून माहीत आहे," धाकटी म्हणाली. "तू फुंकर मारलीस आणि त्यातून तुझ्या दाताला चिकटलेला बिस्किटाचा तुकडा आत गेला. बाबांनी तो चिमट्याने काढला."

"मला कोणीच सांगितलं नव्हतं," सासूबाई रागाने म्हणाल्या, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती पेटी पायाने बाजूला सरकवली.

"जागा किती?" आत्याने भाजीतून मान वर न काढता विचारलं.

"अकरा," जावई म्हणाला.

"वरच्या गल्लीतल्या साठ माणसांचे नंबर मी लावून दिलेत. गॅस, वीज, परीक्षा, रेल्वे, सगळं. हातातलं काम दोन मिनिटांचं आहे." तिने एक शेंग मोडली. "पण मला कोणी विचारलेलं नाही."

"मी विचारतो, आत्याबाई," जावई म्हणाला.

"तुम्ही नाही."

सगळ्यांच्या माना घड्याळजींकडे वळल्या. ते खुर्चीत ताठ बसले होते, बोटं मांडीवर, जणू बोटांत अजून चिमटा आहे. आठ. जावई आकडे मोठ्याने सांगत होता, का सांगत होता ते त्याला कळत नव्हतं. सात.

"अहो, बोला ना," सासूबाई म्हणाल्या. "जीभ काही मोतीबिंदूने नाही गेली."

"ताई," घड्याळजी म्हणाले. इतक्या बारीक आवाजात, की जावयाला वाटलं बाहेर कोणीतरी हाक मारतंय.

"लाइन खराब आहे," आत्या म्हणाली. "पुन्हा बोला."

"ताई, नंबर लाव गं माझा!"

आत्या उठली. हात पदराला पुसले, जावयाच्या हातातून मोबाइल काढून घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला. तिची बोटं चालताना दिसलीच नाहीत. पूल, सायकली, जिने, जे काही आलं ते तिने भाजीतला किडका भाग काढावा तसं वेचून टाकलं. 'धन्यवाद. तुम्ही माणूस आहात.'

"वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं," ती म्हणाली. "आता याचा फोटो. बाळ्या, इकडे बघ."

घड्याळजींना बाळ्या म्हणणारं आता जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांनी मोबाइलकडे तोंड केलं, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने एक डोळा भिंग धरल्यासारखा बारीक केला.

'दोन्ही डोळे उघडे ठेवा.'

उघडले. 'स्मित करा.'

घड्याळजींनी फोटोत कधी स्मित केलेलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही ते लग्नाची घटिका तपासत असल्यासारखे दिसायचे. त्यांनी ओठ ताणले. 'चेहरा ओळखता आला नाही.' दात दाखवले. 'चेहरा ओळखता आला नाही.'

"असं नाही हो, मनापासून!" सासूबाई म्हणाल्या.

"मनापासून कशाला? ऑपरेशन डोळ्याचं आहे!"

४.

धाकटीने गुदगुल्या करून बघितल्या, बापाने तिला हात झटकून दूर केलं. जावयाने लिफ्टमध्ये अडकलेल्या लठ्ठ फौजदाराची गोष्ट सुरू केली, पण ती लांब होती. ३.

"बाळ्या," आत्या मोबाइल समोर धरून म्हणाली, "नऊ वर्षं तुला एक सांगायचं राहिलंय. तू अर्ज केलास ना, टॉवरच्या लहरींनी घड्याळं मागे पडतात म्हणून?"

"केला. त्याचं आता काय?"

"तेव्हा टॉवर सुरूच झाला नव्हता. चार महिने त्याला वीजच जोडली नव्हती. नुसतं लोखंड उभं होतं. कावळे बसायचे त्यावर."

घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले. तिच्याकडे म्हणजे तिच्या जागी दिसणाऱ्या पांढऱ्या धुक्याकडे.

"नुसतं लोखंड?"

"नुसतं लोखंड."

"मी चौसष्ट सह्या घेतल्या."

"चौसष्ट. त्यात एक त्या गवंड्याची होती, ज्याने टॉवरचा पाया खणला."

आधी घड्याळजींच्या नाकातून एक आवाज आला, केटलीसारखा. मग खांदे हलले. मग ते असे हसायला लागले की खुर्ची करकरली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, दोन्ही डोळे उघडे, तोंड उघडं, आणि मोबाइलने खचकन आवाज केला.

'नोंदणी यशस्वी. आपला क्रमांक: ३८.'

सासूबाईंनी टाळी वाजवली. नेमकी त्याच वेळी पिशवीतली थोरली गोठलेल्या अवस्थेतून बाहेर पडली आणि पूर्ण जोरात ओरडली, "...ते, डावीकडून दुसरा!"

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, सगळे जिल्ह्याच्या दवाखान्यात पोचले. आत्या बरोबर होती. नोंदणीची कागदावर छापलेली प्रत, तिच्या दोन प्रती, आणि त्याही हरवल्या तर म्हणून तिने स्वतःच्या हाताने लिहून काढलेली तिसरी, असं सगळं तिने एका पाकिटात ठेवलं होतं. जावयाने या वेळी पेटी आणली नव्हती, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते न कळून तो दारं उघडत होता, आपली आणि इतरांचीही.

खिडकीवर पाटी होती, तीच. पाटीखाली काचेच्या पलीकडे परिचारिका एका लांबोडक्या वहीत पेन्सिलने नावं लिहीत होती.

"अडतीस नंबर," आत्या पाकीट पुढे करत म्हणाली.

"कसला अडतीस?"

"ॲपवरचा."

"ते इथे उघडत नाही हो," परिचारिका कंटाळून म्हणाली. "इथे नेट कुठे आहे? सकाळी कितवे आलात ते सांगा."

घड्याळजी पुढे झाले. "तिसरे."

तिने वहीत तीन नंबर लिहिला. बाकावर त्यांच्या आधी खालच्या गल्लीतली शिंपीण बसली होती. तिच्याकडे ना ॲप होतं, ना मोबाइल.

"तुम्ही कशा आलात?" जावयाने विचारलं.

"पहाटेच्या गाडीने," शिंपीण म्हणाली. "का? यायचं नव्हतं?"

आत्याने पाकीट हळूच पिशवीत सरकवलं. घड्याळजींनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण तिने त्यांच्या दंडाला धरून बाकावर बसवलं आणि म्हणाली, "एक शब्द बोलू नकोस. ओटीपी, नळ, हसणं, सगळं माझ्या घरात झालंय, ते वाया गेलं असं मी ऐकून घेणार नाही."

"मी म्हणत होतो," घड्याळजी म्हणाले, "की चिमण्या मला ओळखता आल्या असत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्याची पट्टी काढली. खोलीत ऊन होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय, आणि घड्याळजींनी आधी खिडकी बघितली, मग बायको बघितली, तिला "केस कापलेस?" असं विचारून घेतलं. मग कोपऱ्यात उभ्या असलेल्या बहिणीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. जावई बाजूला उभा होता, त्याला वाटलं आता हे दोघं रडणार, आणि त्याने रुमाल शोधायला सुरुवात केली.

"ताई," घड्याळजी म्हणाले, "तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तू खालच्या गल्लीत होतास तेव्हा," आत्या म्हणाली. तिने कानाशी खोचलेलं पेन काढलं, परत खोचलं. "तू काय आरशात बघितलंस का अजून?"

"नाही."

"नको बघूस. आज डॉक्टरांनी ताण घ्यायला मनाई केलीय."

घड्याळजी उत्तर देणार होते, पण त्यांची नजर तिच्या डोक्यावरून पुढे गेली आणि थांबली. भिंतीवर दवाखान्याचं मोठं गोल घड्याळ होतं. त्यांनी एक डोळा बारीक केला.

"हे सात मिनिटं मागे आहे," ते म्हणाले. "जावईबापू, ते स्टूल आणा."

"अहो, आत्ता पट्टी निघालीय!" परिचारिका दारातून धावली. "खाली उतरा! आजोबा!"

पण घड्याळजी चढले होते, आत्या त्यांच्या कमरेला धरून त्यांना शिव्या घालत होती, आणि जावई दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून उभा होता. ते काम त्याला उत्तम येत होतं.